६१७४ : संख्या आणि तिचे अंकलेखन

कोणत्याही पूर्ण संख्येचा विचार दोन अंगांनी करता येतो. संख्या हे एक परिमाण आहे. तिचे अवयव कोणते, ती सम की विषम, ती कोणाचा वर्ग वा घन आहे का, हे प्रश्न त्या परिमाणाचे प्रश्न होत. त्याच वेळी संख्या ही कागदावर अंकांच्या ओळीने लिहिलेली एक आकृतीही असते. तिच्यात कोणते अंक आले, ते कोणत्या क्रमाने आले, ते उलट लिहिले तर काय होईल, हे प्रश्न त्या लेखनाचे प्रश्न होत. नित्याच्या व्यवहारात ही दोन अंगे इतकी एकजीव झालेली असतात की त्यांतील भेद जाणवत नाही. ६१७४ या संख्येच्या अभ्यासात मात्र तो भेद टाळता येत नाही. देवळालीच्या एका शालेय शिक्षकामुळे ही संख्या जगभर ओळखली गेली. तिची कीर्ती परिमाणाची आहे की लेखनाची, या प्रश्नावर त्या शिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापनही बव्हंशी अवलंबून आहे.

परिमाण म्हणून ६१७४

प्रथम परिमाणाचे अंग पाहू जाता, ६१७४ ची मूळ अवयवांत फोड २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ अशी होते. तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा ७ आहे. या सहा अवयवांच्या वर्गांची बेरीज ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, म्हणजे १३ चा वर्ग येते. तसेच १८ चा घन ५८३२, वर्ग ३२४ आणि स्वतः १८ यांची बेरीज नेमकी ६१७४ आहे. हे गुण संख्या कशीही लिहिली तरी टिकून राहतात. सप्तमान पद्धतीत हीच संख्या २४००० अशी लिहिली जाईल आणि अठराच्या पायावर १११० अशी. परंतु तिचे अवयव तेच राहतील.

यांच्या शेजारी दुसऱ्या जातीचे गुण ठेवता येतात. ६, १, ७ व ४ या अंकांची बेरीज १८ होते आणि १८ ने ६१७४ ला निःशेष भाग जातो. भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन, येतो. अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या घडवण्याची एक रीतही त्यांनी अभ्यासली होती. तिच्यानुसार ६१३८ पासून ६१५६ आणि ६१५६ पासून ६१७४ निर्माण होते. ज्या संख्येला या रीतीने कोणी जनक नसतो तिला त्यांनी 'स्वयंभू' म्हटले. ६१७४ ही हर्षद आहे, परंतु स्वयंभू नाही. हे सर्व गुण दशमान लेखनावर उभे आहेत. ज्या गुणामुळे ही संख्या प्रसिद्धीस आली तोही याच जातीचा आहे.

कापरेकरांची प्रक्रिया

चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून दुसरी करावी आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास पुढील ओळी मिळतात :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यानंतर क्रिया कितीही वेळा केली तरी उत्तर बदलत नाही, कारण ६१७४ चे अंक पुन्हा ७६४१ आणि १४६७ याच संख्या देतात. कापरेकरांचे मृत्युवर्ष १९८६ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते, म्हणजे ते वरच्या वाटेला दुसऱ्या पायरीवर येऊन मिळते आणि सहा पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचते. सुरुवात कोठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच शेवट होतो.

येथे शून्याविषयीची एक अट काटेकोरपणे पाळावी लागते. २१११ घेतल्यास २१११ − १११२ = ९९९ येते. हे उत्तर ०९९९ असे चार अंकीच धरावे लागते; मग पुढची वजाबाकी ९९९० − ०९९९ = ८९९१ अशी होते आणि ८०८२, ८५३२ या मार्गाने ६१७४ मिळते. आरंभीचे शून्य गाळले तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन सर्व काही शून्यात जाते. परिमाण म्हणून ९९९ आणि ०९९९ यांत काहीच फरक नाही. फरक आहे तो जागांचा. या प्रक्रियेचा विषय अंकांच्या चार जागा आहेत, हे येथेच स्पष्ट होते.

शोधाची पार्श्वभूमी

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळेत शिकवीत होते. पदव्युत्तर शिक्षण वा संशोधनसंस्थेचा आधार त्यांना नव्हता. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्रात त्यांची ओळख 'गणितानंद' अशी झाली.

६१७४ चा शोध १९४९ चा आहे. त्या वर्षी 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या टिपणाच्या शीर्षकाचा आशय 'एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ' असा होता. १९५५ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी ६१७४ च्या गुणधर्मावर स्वतंत्र टिपण लिहिले. प्रथम खेळ आणि मग गुणधर्म, असा हा शीर्षकांचा प्रवास अर्थपूर्ण आहे. देशातील अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटत होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यानंतर त्यांचे नाव सर्वदूर गेले. (कापरेकरांच्या नावाने दोन कल्पना प्रचलित आहेत. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हटले जाते. या दोहोंची गल्लत होऊ नये.)

असे का घडते?

पहिल्या दृष्टीस चमत्कार वाटणारी ही घटना शालेय बीजगणिताने उलगडते. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे मानले तर मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ आणि लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क होईल. वजाबाकी केल्यावर

९९९ (क − घ) + ९० (ख − ग)

एवढेच उरते. म्हणजे चार अंकांपैकी प्रत्येकाची किंमत उत्तरात पोहोचत नाही. पोहोचतात त्या केवळ दोन गोष्टी : टोकांच्या अंकांतील अंतर आणि मधल्या अंकांतील अंतर. पहिल्यास म आणि दुसऱ्यास न म्हणू. सर्व अंक सारखे नसल्याने म ची किंमत १ ते ९ यांपैकी काहीही असू शकते आणि न ची किंमत ० पासून म पर्यंतच असते. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० = ५४ होतात. ०००० ते ९९९९ या दहा हजार लेखनांतून चारही अंक सारखे असलेली दहा वगळली की ९९९० उरतात. ती सर्व पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येऊन ठेपतात.

पुढची पायरी हा संकोच आणखी वाढवते. न शून्य नसेल तर उत्तराचे अंक अनुक्रमे म, न − १, ९ − न आणि १० − म असतात. पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीज १०, मधल्या दोहोंची ८. त्यामुळे म च्या जागी १० − म आले किंवा न च्या जागी १० − न आले, तरी अंकांचा संच तोच राहतो. आणि पुढच्या क्रियेला क्रमाशी कर्तव्य नसते, संचाशीच असते. अशा रीतीने २५ वेगवेगळे संच मिळतात. न शून्य असता अंक म − १, ९, ९, १० − म असे येतात आणि त्यांचे ५ संच होतात. एकूण ३० संच. त्यांतील प्रत्येकाचा मार्ग हाताने तपासणे ही एका बैठकीत होणारी गोष्ट आहे. तपासणीत असे दिसते की प्रत्येक मार्ग अखेरीस म = ६, न = २ या जोडीवर येतो. १९०५ चा मार्ग जोड्यांच्या भाषेत (९, ४), (८, २), (७, ५), (४, ०), (६, ३), (४, २), (६, २) असा लिहिता येतो.

९९९० लेखनांची पायऱ्यांनुसार विभागणीही निश्चित आहे. ६१७४ ही स्वतः एक. एका पायरीत पोहोचणाऱ्या ३८३, दोन पायऱ्यांत ५७६, तीन पायऱ्यांत २४००, चारांत १२७२, पाचांत १५१८, सहांत १६५६ आणि सातांत २१८४.

नेमकी ६१७४ च का?

सर्व मार्ग एके ठिकाणी मिळतात हे तपासणीने कळते. परंतु ते ठिकाण हेच का, याचे उत्तर तपासणी देत नाही. त्यासाठी स्थिर राहणाऱ्या संख्येची अट मांडावी लागते. जी संख्या क्रियेनंतर स्वतःच उत्तर म्हणून येते तिच्या म, न − १, ९ − न, १० − म या अंकांतील टोकांचे अंतर पुन्हा म आणि मधल्यांचे अंतर पुन्हा न असले पाहिजे.

या चारांपैकी न − १ हा सर्वांत मोठा असू शकत नाही, कारण तो म पेक्षा नेहमीच लहान असतो. म किंवा १० − म सर्वांत मोठा मानला तर (८, १), (९, १), (९, ९), (४, ३) अशा मोजक्या जोड्या उरतात आणि प्रत्येकीत मधल्या अंकांचे अंतर जुळत नाही. न शून्य मानल्यास टोकांची अट फक्त ४९९५ पूर्ण करते, पण तेथे मधले अंतर ४ येते. उरते ती एकच शक्यता : ९ − न सर्वांत मोठा. त्यातही न − १ सर्वांत लहान असल्याशिवाय अटी जुळत नाहीत. तेव्हा

म = (९ − न) − (न − १) = १० − २न.

मधले अंक म आणि १० − म. त्यांचे अंतर न आहे. म मोठा असेल तर २म − १० = न; यात म ची किंमत घातली असता १० = ५न, म्हणून न = २ आणि म = ६. म लहान असेल तर १० = ३न येते आणि त्यास पूर्णांकात उत्तर नाही. म्हणून अंक ६, १, ७, ४ ठरतात. ६१७४ व्यतिरिक्त दुसरी स्थिर संख्या असू शकत नाही.

१० = ५न ही ओळ या सर्व विवेचनाचा कणा आहे. तिच्यातला १० हा दशमान पद्धतीचा पाया आहे. त्या जागी दुसरा कोणताही पाया ठेवला तरी मांडणी तशीच राहते. म्हणून ५ ने विभाज्य असलेल्या प्रत्येक पायावर चार अंकांची अशी एक स्थिर संख्या असते आणि तिचे अंक ३न, न − १, ४न − १, २न असे असतात. येथे न म्हणजे पायाचा पाचवा भाग. पंचमान पद्धतीत न = १ येतो आणि स्थिर संख्या ३०३२ मिळते. तिची दशमान किंमत ३९२ आहे. तेथेही चारही अंक सारखे नसलेली प्रत्येक चार अंकी संख्या ३०३२ ला जाऊन मिळते. म्हणजे ६१७४ एकाकी नाही. ती एका कुळातील दशमान सभासद आहे.

अंकांची संख्या बदलल्यास

चार अंकांच्या बाबतीत एकच विसावा मिळतो, हे वैशिष्ट्य इतर ठिकाणी सहसा आढळत नाही. दोन अंकांत क्रिया कोठेही थांबत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते. तीन अंकांत सर्व मार्ग ४९५ ला मिळतात. पाच अंकांत स्थिर संख्याच नाही. ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकींना जन्म देत राहतात, आणि चार-चार संख्यांची आणखी दोन चक्रे आहेत. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय सात संख्यांचे एक चक्रही आहे. आठ अंकांत ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ स्थिर आहेत. ६३१७६४ आणि ६३३१७६६४ यांत ६१७४ चा सांगाडा राखून मध्ये ३ व ६ या अंकांची भर पडलेली दिसते. सर्व मार्गांना एकाच संख्येत सामावून घेण्याचा मान दशमान पद्धतीत फक्त ४९५ आणि ६१७४ यांनाच आहे, हे १९८१ मध्ये 'फिबोनाची क्वार्टर्ली'तील एका निबंधात सिद्ध करण्यात आले.

खेळ की गणित?

अंकलेखनावर आधारलेल्या गुणांविषयी गणितज्ञांची नाराजी जुनी आहे. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. दोन्ही आपल्या उलट लेखनाच्या पटीत आहेत. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरास शोभतात, गणितज्ञाला त्यांत रस नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. दहाचा पाया ही मानवी सोय आहे आणि सोयीतून उपजलेल्या योगायोगास सत्याचा दर्जा देणे गैर होय.

परंतु ६१७४ च्या बाबतीत हा आक्षेप जसाच्या तसा लागू होत नाही. योगायोग तेथेच राहतो जेथे त्यामागचे कारण व्यापक करता येत नाही. येथे कारण १० = ५न या समीकरणात आहे आणि पाया बदलताच ते नव्या प्रश्नाचे रूप घेते : कोणत्या पायांवर सर्व चार अंकी संख्या एकाच स्थिरांकाला मिळतात? हा प्रश्न हेल्मुट हासे यांच्यासारख्या विसाव्या शतकातील अग्रगण्य अंकशास्त्रज्ञाने गंभीरपणे हाताळला. जी. डी. प्रिचेट यांच्यासह त्यांनी लिहिलेला चार अंकी कापरेकर स्थिरांकांवरील निबंध १९७८ मध्ये क्रेले यांनी स्थापन केलेल्या जर्मन संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. देवळालीच्या शिक्षकाने 'खेळ' म्हणून पुढे ठेवलेली गोष्ट, त्याच्या हयातीतच, त्याच्याच नावाच्या संज्ञेसह शुद्ध गणिताच्या दालनात दाखल झाली.

भाषेच्या अभ्यासकासही या विवेचनात लक्ष देण्याजोगे काही आहे. ६१७४ देवनागरीत लिहिली, बंगाली वा तमिळ लिपीतील दशमान अंकांत लिहिली, तरी तिचा गुण टिकतो. लिपी बदलल्याने काही बिघडत नाही. पाया बदलला की तो गुण जातो : अष्टमान पद्धतीत हेच परिमाण १४०३६ असे पाच अंकी होते. रोमन अंकांत तर ही प्रक्रिया मांडताच येत नाही, कारण तेथे एकक, दशक, शतक, हजार अशा जागा नाहीत. बोलीत मराठी भाषक 'सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर' म्हणतो, तेव्हा चार आधी आणि सत्तर नंतर उच्चारतो. लेखनातील ७ व ४ यांचा क्रम उच्चारात उलटतो. म्हणून कापरेकरांचा शोध केवळ परिमाणाचा नव्हे, लिपीचा नव्हे आणि बोलीचाही नव्हे. तो स्थानमूल्याच्या व्यवस्थेचा आहे. अंकाला त्याच्या जागेवरून अर्थ देणारी, आणि रिकाम्या जागेसही शून्याचे चिन्ह देणारी ही व्यवस्था भारतीय उपखंडात विकसित झाली. शाळेत ती वजाबाकी आणि हातचा यांपुरती शिकवली जाते आणि मग सवयीने अदृश्य होते. त्याच शालेय वजाबाकीतून त्या व्यवस्थेच्या पोटातील एक नियम उजेडात आणणे, हे ६१७४ च्या शोधाचे खरे मोल आहे.